स्टल गावातला 'नरकाचा दरवाजा': खरं काय नि थाप काय

दर ऑक्टोबरला ते फॉरवर्ड परत फिरायला लागतं, की अमेरिकेत कॅन्ससमधे स्टल नावाचं गाव आहे, तिथल्या दफनभूमीत नरकात उतरणारा जिना आहे, सैतान वर्षातून दोनदा तिथे येतो, आणि डेन्व्हर शहराला जाताना पोपनी म्हणे आपलं विमान त्या गावावरून न्यायला चक्क नकार दिला.

आता खरं सांगतो. स्टल म्हणजे डग्लस काउंटीतली चार घरांची वस्ती, नगरपालिका वगैरे काही नाही, आणि तिथले जुने लोक जर्मन बोलणारे शेतकरी. आधी या भागाला डियर क्रीक म्हणायचे. १८९९ला पोस्ट ऑफिस आलं, पहिला पोस्टमास्तर सिल्व्हेस्टर स्टल, त्याचंच आडनाव गावाला चिकटलं, त्यामुळे मूळ नाव 'स्कल' म्हणजे कवटी होतं हीपण थापच. पोस्ट १९०३ला बंद पडलं, नाव तेवढं राहिलं.

मग सैतान आला कुठून? तर नोव्हेंबर १९७४मधे कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट पेपरात एक लेख छापून आला, गाववाल्यांनी त्याआधी हे काही ऐकलंच नव्हतं. पोप डेन्व्हरला आले १९९३ला, फॉरवर्डवाले १९९५ सांगतात, म्हणजे बघा!

आणि फॉरवर्डमधलं ते दफनभूमीजवळचं छप्पर नसलेलं दगडी चर्च, ज्यात पाऊस पडत नाही म्हणे, ते १८६७चं होतं, २००२लाच पाडलं. पण हॅलोविनला पोरं अजून कुंपणावरून उड्या मारतात, ज्यांची माणसं तिथे पुरलीयत त्यांना नसता ताप.