मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती

खऱ्या मोटारगाडीची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून तिची प्रतिकृती सुट्या भागांपासून जुळवणे, रंगवणे आणि मूळ गाडीतील बारीकसारीक तपशील तिच्यात उतरवणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. तयार रंगवून विकल्या जाणाऱ्या ओतीव धातूच्या गाड्या आणि रिमोटवर धावणाऱ्या गाड्या या छंदाच्या शेजारी नांदतात. मात्र येथे प्रतिकृती घडवण्याचे काम छांदिष्टाच्या हातून झालेले असावे लागते. हे काम बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या किटपासून सुरू होते.

प्रमाण : १/२४ या प्रमाणात मूळ गाडीवरील २४ मिमी. लांबी प्रतिकृतीत १ मिमी. होते. साडेचार मीटर लांबीची गाडी अशा रीतीने १८७.५ मिमी. भरते, १/२५ प्रमाणात ती १८० मिमी. आणि १/४३ मध्ये जेमतेम १०५ मिमी. होते. ही प्रमाणे सोयीने आणि योगायोगाने रूढ झाली आहेत. १/२४ हे ‘फुटाला अर्धा इंच’ या हिशेबाशी जुळते, तर १/४३ हे ओ गेज या खेळण्यातील रेल्वेच्या ‘फुटाला ७ मिमी.’ या मापावरून आले. फॉर्म्युला वन गाड्यांच्या किटसाठी १/२० हे प्रमाण बरेच वापरले जाते. इंजिन, निलंबन (सस्पेन्शन) आणि ब्रेकच्या नळ्या उघड दिसाव्यात अशी इच्छा असेल, तर १/१२ किंवा १/८ या मोठ्या प्रमाणांकडे वळावे लागते. इटलीतील पोखर कंपनीच्या १/८ प्रमाणातील किटमध्ये सुट्या भागांची संख्या हजारावर जाई.

मापे लहान करता येतात, पण पदार्थांचे गुणधर्म त्याबरोबर लहान होत नाहीत. या छंदातील बहुतेक अडचणी आणि त्यातील बहुतेक कौशल्य येथूनच उगम पावते. गाडीच्या पत्र्यावरील रंगाची एकूण जाडी साधारण ०.१ मिमी. असते. १/२४ प्रमाणात ती सुमारे ०.००४ मिमी. असायला हवी, परंतु इतका पातळ थर हाताने देणे शक्य नसते. प्रतिकृतीवर अस्तर, रंग आणि वार्निश मिळून ०.०५ मिमी. थर बसला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो १.२ मिमी. जाड ठरतो आणि दाराच्या फटी, नावाची उठावदार अक्षरे आणि कडांची धार बुजू लागते. धातुरंगाचेही तसेच आहे. खऱ्या गाडीच्या रंगातील ०.०२ मिमी.चा चमकता कण प्रतिकृतीवर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीसारखा वागतो, म्हणून मूळ कारखान्याचाच रंग आणून फवारला तरी गाडी खेळण्यासारखी दिसते. जाणकार अशा वेळी अधिक बारीक कणांचा रंग निवडतात आणि गडद छटा किंचित फिकी करतात. मोजून अचूक असलेली वस्तू आणि डोळ्याला अचूक वाटणारी वस्तू यांत येथे फरक पडतो, आणि हा फरक ओळखू लागणे हीच या छंदातील खरी प्रगती मानली पाहिजे.

इतिहास : जनरल मोटर्सने पुरस्कृत केलेली ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा अमेरिकेत १९३० ते १९६८ या काळात चालली. सुरुवातीला तीत मुलांना नेपोलियनच्या काळातील शाही घोडागाडीची प्रतिकृती बनवावी लागे. पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीचे नमुने मागवले जाऊ लागले आणि विजेत्यांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. १९४७ सालचे विजेते चक जॉर्डन हे पुढे जनरल मोटर्सच्याच अभिकल्प (डिझाइन) विभागाचे प्रमुख झाले. या स्पर्धेत तयार किट नसे. लाकूड, प्लास्टर आणि धातू यांवर हात बसवूनच काम करावे लागे.

किटचा उगम मात्र विक्रेत्यांच्या दालनात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटार कंपन्या नव्या गाडीच्या १/२५ प्रमाणातील तयार प्रतिकृती कारखान्याच्या अधिकृत रंगांत बनवून घेत आणि त्या ग्राहकांना, विशेषतः त्यांच्या मुलांना, देत. मिशिगन राज्यात १९४८ साली सुरू झालेली एएमटी ही अशा प्रतिकृती बनवणारी एक प्रमुख कंपनी होती. साचे हाताशी असल्यामुळे तिने १९५८ मध्ये तीच बॉडी सुट्या भागांच्या स्वरूपात विकायला काढली. एका किटमधून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी बनवता येई. वापरून उरलेले भाग डब्यात साठत आणि पुढच्या गाडीच्या कामी येत. स्वतःची गाडी स्वतः कल्पिण्याची सवय या पिढीला अशा उरलेल्या भागांनी लावली, असे म्हणायला हरकत नाही. खेळण्याचा वारसा या किटमध्ये बराच काळ टिकून राहिला. पुढच्या दोन चाकांना जोडणारी धातूची सळई इंजिनाच्या ठोकळ्यातून आरपार जाई, आणि तेवढ्यासाठी इंजिनाला चक्क भोक ठेवलेले असे. जुने किट जुळवणारे आजही पहिले काम म्हणून ते भोक बुजवतात. याच काळात रेव्हेल, मोनोग्राम, जो-हान आणि एमपीसी या अमेरिकी कंपन्याही या क्षेत्रात होत्या. मोनोग्रामने १/२४ प्रमाण पसंत केले.

जपानमधील शिझुओका हे शहर या व्यवसायाचे दुसरे मोठे केंद्र आहे. टामिया, हासेगावा, फुजिमी आणि आओशिमा या कंपन्या तेथल्या किंवा त्याच परिसरातल्या. टामियाची सुरुवात १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून झाली. आधी लाकडी प्रतिकृती आणि मग १९६० पासून प्लास्टिक किट असा तिचा प्रवास झाला. पोर्श ९३४ ची १/१२ प्रमाणातील प्रतिकृती तिने १९७६ मध्ये काढली, आणि या कामासाठी कंपनीने खरी पोर्श विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. जपानी किटमध्ये भाग एकमेकांत नेमके बसतात, परंतु अनेक किट इंजिनाविना येतात आणि त्यांचे बॉनेट बंदच असते. अमेरिकी परंपरेत इंजिन जवळजवळ गृहीत धरले जाते, मात्र भागांच्या कडा घासून जुळवाव्या लागतात. कोणती परंपरा चांगली यावर छांदिष्टांत एकमत होणे अवघड आहे.

बॉडी आणि रंगकाम : काम सुरू करण्यापूर्वी भाग साबणाच्या पाण्याने धुतात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश राहिल्यास रंग धरत नाही. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे प्लास्टिकवर एक बारीक कंगोरा उमटतो. मोटारीच्या बॉडीवर ही रेषा बहुधा मडगार्डांच्या माथ्यावरून आणि छताच्या खांबांवरून जाते, म्हणजे नेमकी तेथून जेथे प्रकाश सर्वांत स्पष्ट पडतो. ती पॉलिश पेपरने काढतात, खळगे पुट्टीने भरतात आणि दाराच्या फटी कोरणीने खोल करतात. प्रायमरचा पहिला हात दोष दाखवण्यासाठीच असतो. एकरंगी करड्या पृष्ठभागावर आधी न दिसलेले ओरखडे दिसू लागतात. युद्धातील रणगाड्याच्या प्रतिकृतीवर एखादा खळगा चिखलाखाली झाकता येतो, पण झगझगीत रंगाच्या मोटारीला अशी सवलत मिळत नाही.

रंग एअरब्रशने किंवा फवारणीच्या डब्याने पातळ हातांत देतात. पहिले हात धुक्यासारखे कोरडे आणि शेवटचे ओले असतात. थर फार कोरडा बसला तर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो, फार ओला झाला तर ओघळतो. वार्निश पूर्ण वाळू देणे हा यातील सर्वांत कठीण भाग, कारण येथे हात आखडता घ्यावा लागतो. त्यानंतर २,००० क्रमांकापासून पुढे वाढत्या बारकाईच्या ओल्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग सपाट करून मलमाने चकाकी आणतात. उंच कडांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि घासताना तो तेथेच आधी निघतो. म्हणून अनुभवी लोक पॉलिश करताना कडांवर चिकटपट्टी लावून ठेवतात.

खिडक्यांभोवतीच्या क्रोम पट्ट्यांसाठी मागे गोंद असलेला अतिशय पातळ ॲल्युमिनियमचा वर्ख वापरतात. तो पट्टीवर दाबून बसवायचा आणि नव्या कोऱ्या पात्याने कडेने कापून उरलेला भाग उचलून घ्यायचा. गाडीच्या नावाच्या उठावदार अक्षरांसाठी याच वर्खाची एक सुंदर युक्ती आहे. रंग देण्यापूर्वी अक्षरांवर वर्ख चढवतात, त्यावरून संपूर्ण बॉडी रंगवतात आणि मग अक्षरांच्या माथ्यावरचा रंग अलगद घासून काढतात. खाली दडलेली धातूची अक्षरे वर येतात, आणि तितकी रेखीव अक्षरे ब्रशने रंगवणे कोणालाही साधणार नाही.

तपशील : स्पार्क प्लगची खरी तार ७ ते ८ मिमी. जाड असते, तेव्हा १/२४ प्रमाणात तिच्यासाठी सुमारे ०.३ मिमी. जाडीची तार घ्यावी लागते. त्याहून जाड तार लावल्यास इंजिन नळ्यांच्या गुंत्यासारखे दिसते. तारा नुसत्या लावून भागत नाही. त्या वितरकापासून (डिस्ट्रिब्युटर) प्रत्येक सिलिंडरकडे योग्य क्रमाने गेल्या आहेत का, हे स्पर्धेतील परीक्षक पाहतात. गालिच्यासाठी ओल्या रंगावर किंवा गोंदावर लोकरीच्या भुकटीसारखे बारीक तंतू भुरभुरतात. सुरक्षापट्टे रेशमी फितीचे करतात आणि त्यांच्या कड्या धातूच्या पत्र्यातून रासायनिक कोरणीने काढलेल्या मिळतात. डॅशबोर्डवरील घड्याळांसाठी पाण्यात भिजवून सरकवायची छापील चित्रे, म्हणजे डिकल, लावून त्यांवर पारदर्शक द्रवाचा एक थेंब सोडला की काचेचा भास होतो. काचेचे भाग मात्र सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवू नयेत, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरके धुके बसते. तेथे पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद योग्य ठरतो.

किटमध्ये जे मिळत नाही ते रेझिनमध्ये ओतून किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापून घेता येते, आणि अलीकडे छपाईमुळे चाके व इंजिने यांची निवड खूप वाढली आहे. तरीही सर्व भाग स्वतः घडवणाऱ्यांचे स्थान वेगळेच आहे. ब्रिटिश प्रतिकृतिकार जेराल्ड विंगरोव्ह यांनी १/१५ प्रमाणात हाताने घडवलेल्या अभिजात गाड्यांच्या प्रतिकृती या बाबतीत मानदंड मानल्या जातात.

लॅकर रंगांच्या वाफा, द्विघटकी वार्निशमधील आयसोसायनेट आणि रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक आहेत. योग्य गाळणीचा मुखवटा आणि बाहेर हवा फेकणारा पंखा यांशिवाय फवारणी करू नये.

संस्था व स्पर्धा : १९६३ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी सर्व प्रकारच्या प्रतिकृतींसाठी आहे. केवळ वाहनांना वाहिलेल्या स्पर्धांत १९७९ पासून अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे भरू लागलेल्या जीएसएल (ग्रेटर सॉल्ट लेक) स्पर्धेने मोठा लौकिक मिळवला.

जतन : पूर्ण झालेली प्रतिकृती धुळीपेक्षाही तिच्यातील पदार्थांमुळे अधिक बिघडते. १९५०च्या दशकातील विक्रेत्यांच्या प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या असल्यामुळे कालांतराने वाकड्या झाल्या. सरळ राहिलेला नमुना म्हणूनच दुर्मीळ मानला जातो. मऊ व्हिनाइलच्या टायरमधील लवचीकता देणारे द्रव्य हळूहळू बाहेर पडते आणि ज्या पॉलिस्टायरीनला ते टेकलेले असते ते वितळवते. वर्षानुवर्षे बंद राहिलेले किट उघडल्यावर टायर काचेत रुतून बसलेला सापडतो तो यामुळेच. यावर उपाय म्हणून टायर वेगळ्या पिशवीत ठेवतात, रिमवर रंगाचा पूर्ण थर देतात आणि गाडीचा भार टायरवर न येता तळाशी लपवलेल्या आधारावर येईल अशी बैठक करतात. जुनी डिकल पिवळी पडली असतील, तर ती घराच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवतात, म्हणजे पिवळेपणा बराच उतरतो. मग त्यांवर वार्निशचा एक पातळ हात देऊनच ती पाण्यात टाकतात, कारण जुने डिकल पाण्यात पडताच त्याचे तुकडे होण्याचा संभव असतो.