राउटरची मेमरी ८० टक्के भरली, म्हणून घाबरायचं का?

इंदूरच्या आमच्या लोकमान्यनगरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक संदेश फिरतोय: राउटरची मेमरी ८० टक्क्यांवर गेली की समजा, कुणीतरी डेटा चोरतंय, रोज रात्री तो बंद करा. पोहे-जिलेबी खातानाही हाच विषय!

घरचा राउटर म्हणजे आपल्या नेटवर्कचा गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचं दार), आणि तो एक छोटा संगणकच असतो, बहुधा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा. लिनक्स रॅम (चालू कामाची मेमरी) मोकळी पडू देत नाही. वाचलेल्या फाइली तिथेच ठेवते, जागा लागली की काढून टाकते. त्यामुळे 'फ्री' (पूर्ण रिकामी जागा) हा आकडा फसवा. 'अव्हेलेबल' (गरज पडली की मिळू शकणारी जागा) किती ते बघा. हा अंदाज कर्नलच (लिनक्सचा गाभा) स्वतः देऊ लागला तो २०१४ पासून.

नेटवर्कची सेटिंग तपासणंही सोपं आहे. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही कमांड चालवा. मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असेल, तर तुमच्या संगणकाच्या आणि गेटवेच्या पत्त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे जुळायला हवेत. बस.

खरी गंमत आहे ती 'नॅट'च्या, म्हणजे पत्ते बदलण्याच्या, तक्त्यात. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खाजगी. इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणून मोबाइलचं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) बाहेर पडताना गेटवे त्यावरचा पत्ता पुसून स्वतःचा घालतो, गरज पडल्यास पोर्ट क्रमांकही (कनेक्शन ओळखण्याचा आकडा) बदलतो, चेकसम (चूक पकडण्याची बेरीज) नव्याने जुळवतो आणि या अदलाबदलीची नोंद रॅममध्ये ठेवतो. उत्तर आलं की तीच नोंद बघून पॅकेट बरोबर त्या मोबाइलकडे जातं. एक नोंद काहीशे बाइटची, पण नोंदींच्या संख्येला मर्यादा असते. ती गाठली की नव्या कनेक्शनची पॅकेट टाकून दिली जातात, जुनी मात्र चालू राहतात. म्हणूनच कधीकधी व्हिडिओ सुरळीत चालतो आणि नवं पान काही उघडत नाही.

नोंदी पुसल्या कधी जातात? उत्तर न आलेली यूडीपीची (आधी कनेक्शन न जोडता डेटा पाठवण्याची पद्धत) नोंद लिनक्समध्ये मुळात ३० सेकंदांत जाते. जुळलेल्या टीसीपी (आधी कनेक्शन जोडणारी पद्धत) कनेक्शनची मुदत मात्र ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस! कनेक्शन न मिटवता मोबाइल वायफायच्या बाहेर गेला, तरी त्याची नोंद तितके दिवस पडून राहू शकते. ओपनडब्ल्यूआरटीने (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली प्रणाली) ही मुदत ७,४४० सेकंदांवर आणली आहे. हा आकडा असा आला: टीसीपीची 'जिवंत आहेस का' ही विचारणा मुळात दोन तासांनी होते. त्यावर चार मिनिटं जास्तीची.

राउटर बंद-चालू केल्यावर फरक पडतो तो तक्ता कोरा झाल्यामुळे, चोर पळाल्यामुळे नव्हे. उपलब्ध मेमरी दिवसागणिक घटतच गेली आणि परत वर आलीच नाही, तर एखादा प्रोग्रॅम घेतलेली जागा सोडत नसावा, आधी फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर चालू कनेक्शनची संख्या आणि मर्यादा पहिल्याच पानावर दिसतात.