राजाछाप रुपया म्हणजे तोळाभर चांदी?

आजीच्या डब्यातला राजाछाप रुपया म्हणजे तोळाभर चांदी, असं आमच्या सांगलीकडे सर्रास सांगतात. वजन तोळ्याचं, ११.६६ ग्रॅम, हे खरं. पण चांदी? व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात ९१.७ टक्के, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. महायुद्धात, १९४० पासून, ती नाण्याच्या वजनाच्या निम्म्यावर आली: ५.८३ ग्रॅम, बाकी बहुतेक तांबं. आणि मागे वाघ असलेला १९४७चा रुपया तर निव्वळ निकेल! चुंबक लावा, टपकन चिकटेल. (न चिकटणारं सगळंच चांदी नसतं, बरं का.) विटा-खानापूरचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांच्या मुशीतसुद्धा या वाघातून चांदीचा कण निघायचा नाही.