पिवळा अधिक निळा बरोबर राखाडी?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरात व्हिडिओ कॉलवर भांडण जुंपलं. थोरली नात नाशिकला माझ्याशेजारी बसून शुभेच्छापत्रावर आंब्याच्या पानांचं तोरण रंगवत होती. धाकटी टोरांटोजवळ राहते, ती तेच तोरण टॅबवर काढत होती. तिच्या शाळेत चित्रकलेच्या तासालाही टॅब असतो. पानांसाठी दोघींना हिरवा रंग हवा होता, आणि तो आपणच तयार करायचा असं ठरलं होतं. थोरलीने बशीतल्या पिवळ्या पोस्टर कलरमध्ये निळ्याचा ठिपका कालवला आणि छान पोपटी रंग आला. धाकटीने पिवळ्यावर निळा अर्धा पारदर्शक करून फिरवला, तर चुलीतल्या राखेसारखा रंग उमटला. "आजोबा, ताई थापा मारते!" "आजोबा, तिचा टॅब बिघडलाय!"

दोघींचंही म्हणणं चुकीचं होतं, कारण दोन्ही रंग आपापल्या जागी बरोबर होते. माझी तीस वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत शेड मॅचिंग करण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न सोडून देणं मला जमेना.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांचा प्रतिसाद साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. टॅबचा पडदा याचाच फायदा घेतो. त्यावर लाल, हिरवे आणि निळे असे तीनच प्रकारचे बारीक दिवे असतात. लाल आणि हिरवा एकत्र पेटले की शंकुपेशींना पिवळ्यासारखाच संदेश मिळतो आणि मेंदू 'पिवळा' म्हणतो. आता या पिवळ्यात निळा मिसळा. तिन्ही दिवे लागले म्हणजे पांढरा. टॅबने दोन रंगांची सरळ सरासरी काढली, त्यामुळे तिन्ही दिवे निम्म्या तेजाने लागले. मंद पांढऱ्यालाच आपण राखाडी म्हणतो. टॅबचं गणित चोख होतं, पण ते उजेडाचं गणित होतं.

बशीत काय झालं ते याहून मजेदार आहे. रंगद्रव्य स्वतः उजेड देत नाही, समोर आलेल्या उजेडातला काही भाग गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. पिवळं रंगद्रव्य निळा भाग गिळतं, निळं रंगद्रव्य लाल भाग गिळतं. दोघांच्याही तावडीतून जो सुटतो तो हिरवा. शाळेत इतकंच सांगतात. पण नुसत्या सरासरीने इतका स्वच्छ हिरवा का मिळत नाही, हे समजायचं असेल तर थोडं खोलात जावं लागेल. पॉल कुबेल्का आणि फ्रांत्स मुंक यांनी १९३१ मध्ये रंगाच्या थरात उजेडाचं काय होतं याचं गणित मांडलं. त्यांच्या मते थरात दोनच गोष्टी घडतात, उजेड गिळला जातो किंवा विखुरला जातो. परत येणाऱ्या उजेडाचं प्रमाण 'प' मानलं, तर शोषण (म्हणजे गिळणं) भागिले विखुरणं हे गुणोत्तर (१ − प)² ÷ २प इतकं येतं. गंमत अशी, की दोन रंग कालवले की सरासरी होते ती या गुणोत्तराची, परत येणाऱ्या उजेडाची नव्हे.

उदाहरणादाखल आकडे धरू. निळ्या पट्ट्यातला उजेड पिवळा रंग ५ टक्के परत पाठवतो, निळा रंग ५० टक्के. गुणोत्तरं आली ९.०२ आणि ०.२५. दोन्हींचं विखुरणं सारखं आणि माप समसमान धरलं तर सरासरी ४.६४. उलटं गणित केलं की परत येणारा उजेड फक्त ९ टक्के. साधी सरासरी काढली असती तर साडेसत्तावीस आले असते. लाल पट्ट्यात पिवळा ८० आणि निळा ५ टक्के परत पाठवतो असं धरा, मिश्रणातून पुन्हा ९ टक्केच येतात. हिरव्या पट्ट्यात मात्र पिवळा ६० आणि निळा ३० टक्के देत असेल, तर मिश्रण ३९ टक्के देतं. म्हणजे निळा ९, हिरवा ३९, लाल ९. हीच आपली आंब्याची पानं! जो जास्त गिळतो त्याचाच शब्द चालतो. म्हणून तर पांढऱ्या डब्यात काळ्याचा एक चमचा पडला की सगळा डबा काळवंडतो. रंगाच्या दुकानात संगणकावर शेड जुळवतात तेव्हा बहुतेक ठिकाणी आत हेच सूत्र चालू असतं.

मग टॅबला हे शिकवता येत नाही का? येतं. प्रागच्या चेक तांत्रिक विद्यापीठातल्या शारका सोखोरोव्हा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी २०२१ मध्ये अशी पद्धत दिली, की पडद्यावरचा पिवळा आणि निळा कालवला तरी हिरवाच येतो. चित्रकाराला ती हवीच. पण प्राथमिक शाळेत मला ती एकटी पुरेशी वाटत नाही, कारण मग उजेडाची गोष्ट मुलांपासून लपून राहते. 'जीकाँप्री' या लहान मुलांच्या मोफत संगणक प्रणालीत उजेड मिसळण्याचा खेळ वेगळा आणि रंग मिसळण्याचा वेगळा ठेवला आहे, ते मला फार आवडलं.

उजेडाची गोष्ट शिकवू शकणारा एक लॅपटॉपही होता. उरुग्वे या देशाने २००७ मध्ये 'प्लान सेइबाल' ही शाळकरी मुलांना लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हाती 'एक्सओ' हा मुलांसाठीच बनवलेला हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला. २००७ मध्येच तो रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा गावातल्या शाळेतही आला होता. त्याचा पडदा दुहेरी होता. वर्गात मागचा दिवा लावला की रंगीत दिसायचा, भर उन्हात नेला की बाहेरचा उजेड परावर्तित करून कृष्णधवल. रंगीत चित्र काढून पटांगणात धावत जायचं आणि रंग गायब! उजेड कुठून येतो हे शिकवायला याहून चांगला धडा कुठला?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना रंग ओळखायला शिकवतो असं सांगत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग आपल्याकडे हजारो रुपये घेतात. मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात, एवढंच त्यातलं रहस्य. आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी या दाव्यांना जाहीर विरोध केला आहे. शंकुपेशींपर्यंत उजेड पोचल्याशिवाय समोरच्या कागदाचा रंग दिसत नाही. पालकांनी त्याच पैशांत एक पोस्टर कलरची पेटी आणि भिंग घ्यावं.

भिंग नसलं तरी चालतं. त्या संध्याकाळी मी थोरलीला माझ्या फोनवर पूर्ण पिवळं चित्र उघडायला लावलं आणि बोटाने पडद्यावर पाण्याचा मोहरीएवढा थेंब ठेवला. फुगीर थेंब भिंगासारखा काम करतो. ती नाक लावून बघत राहिली. थेंबात लाल आणि हिरवे कण दाटीवाटीने चमकत होते.

"आजोबा, यात पिवळा नाहीच आहे!" ती ओरडली. पलीकडून धाकटी म्हणाली, "थांब ताई, मी पाणी आणते."