डगमगणारा टब आणि वायव्य कोपरा

जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंनी नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेतलं आणि ते चालायला लागलं. म्हणजे खरोखरच चालायला लागलं. धुणं उरकून पिळायची वेळ आली की ते बाथरूमच्या कोपऱ्यातून निघायचं आणि पाइप ताणला जाईपर्यंत दाराकडे सरकत यायचं. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे.

दुकानदार म्हणाला, रबरी पॅड लावा. लावले, मशीन पॅडसकट चालू लागलं. मग कुणीतरी वास्तूवाल्याला आणलं. त्याने होकायंत्र फिरवून निदान केलं: यंत्र आग्नेयेला आहे, पाण्याचं काम अग्नीच्या कोपऱ्यात, थयथयाट होणारच, वायव्येला न्या. वायव्येला बाल्कनी होती. नेलं. तिथेही ते चाललं, फक्त आता कठड्याच्या दिशेने.

मी मागे वाकून पाहिलं तर पत्र्यावर चार जाड बोल्ट जसेच्या तसे. हे वाहतुकीचे बोल्ट. कारखान्यातून घरापर्यंत येताना आतला टब ट्रकमध्ये आपटू नये म्हणून तो सांगाड्याला जखडून ठेवतात आणि यंत्र बसवताना ते काढायचे असतात. बसवायला आलेला माणूस घाईत होता. पाना लावून चारही काढले, पुन्हा पिळायला लावलं, आणि खालचे आजोबा काय झालं म्हणून विचारायला वर आले.

काकूंना मात्र पटेना. “अरे, बोल्ट काढले तर यंत्र आणखी खिळखिळं व्हायला पाहिजे. शांत कसं झालं?” प्रश्न अगदी रास्त होता. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या अभियंत्यांनाही तो पडला होता.

सोलापूरकराला हे पटणं अवघडच, कारण यंत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माग येतो. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत जा, यंत्रमाग फरशीला बोल्ट मारून घट्ट बसवलेला असतो. धोटा एका टोकाला थडकतो, उलटा फिरतो, पुन्हा थडकतो. प्रत्येक धक्का फरशीत उतरतो आणि शेजारच्या घरातल्या मांडणीवरची भांडी वाजतात. तिथे जखडण्यावाचून इलाज नसतो. वॉशिंग मशीनचा विचार याच्या नेमका उलटा आहे.

फ्रंट लोडच्या आत दोन पिंपं असतात. आतलं स्टीलचं, भोकांचं, ते फिरतं. बाहेरचं प्लास्टिकचं, त्यात पाणी राहतं. ही जोडी, मोटर आणि बाहेरच्या टबाला बांधलेले काँक्रीटचे ठोकळे (हो, काँक्रीटचेच, यंत्र उचलताना कंबर धरते ती यांच्यामुळे) हे सगळं वरून स्प्रिंगांना टांगलेलं आणि खालून डॅम्परांनी (हेलकावे जिरवणाऱ्या दांड्यांनी) सावरलेलं असतं. बाहेरचा पत्र्याचा डबा म्हणजे नुसता टांगायचा सांगाडा.

आता थोडी आकडेमोड. पिंपाची त्रिज्या २४ सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला १२०० फेरे धरू. कडेला चिकटलेल्या कपड्याला गुरुत्वत्वरणाच्या ३८० पटींहून अधिक त्वरण मिळतं. समजा एका बाजूला फक्त ३०० ग्रॅम ओला कपडा जास्त गोळा झाला, तर त्याची बाहेरची ओढ सुमारे ११५ किलो वजनाइतकी होते, आणि ती सेकंदाला २० वेळा दिशा बदलत गोल फिरते. यंत्राचं स्वतःचं वजन ६०-६५ किलो. टब डब्याला जखडलेला असेल तर ही सगळी ओढ डब्याला बसते. ती वरच्या दिशेला आली की यंत्र फरशीवरून उचललं जातं, आडवी आली की सरकतं. काकूंचं मशीन चालत होतं ते असं.

आणि टब मोकळा असेल तर? इथून माझा आवडता भाग सुरू होतो.

एका रबरबँडला कुलूप बांधा, दुसरं टोक बोटाला अडकवा. हात सावकाश वरखाली केला तर कुलूप हाताबरोबर वरखाली होतं. हळूहळू वेग वाढवा. एका ठरावीक लयीला कुलूप पिसाळल्यासारखं उड्या मारू लागतं. हा अनुनाद. पाळण्याला योग्य वेळी झोका दिला की तो चढत जातो, तसाच. पण तिथे घाबरून थांबू नका, हात आणखी भरभर हलवा. कुलूप जवळजवळ स्थिर होतं, आणि जे काही हलतं ते हाताच्या उलट्या दिशेने.

स्प्रिंगांवर टांगलेल्या टबाची लय साधारण सेकंदाला ४ आंदोलनं असते, म्हणजे मिनिटाला २४० फेऱ्यांच्या आसपास. पिळायला सुरुवात होताना यंत्र काही क्षण धडधड-धडधड करतं आणि मग एकदम सुतासारखं सरळ होतं, ते या टप्प्यातून जाताना. त्यापलीकडे एक विलक्षण गोष्ट घडते. पिंप आपल्या मध्याभोवती फिरणं सोडतं आणि कपड्यांसकट सगळ्या वजनाचं जे वस्तुमान-केंद्र, त्याभोवती फिरू लागतं. स्वतःच स्वतःचा तोल शोधतं म्हणा. वरच्या ३०० ग्रॅमच्या उदाहरणात टांगलेलं एकूण वजन ५० किलो धरलं, तर टब मध्यापासून फक्त दीड मिलिमीटर हलतो. स्प्रिंगांतून सांगाड्यापर्यंत पोचणारा जोर उरतो चार-पाच किलोचा. डॅम्परचं घर्षण धरलं तर तो वाढतो, पण ११५ च्या जवळपासही जात नाही. टबाला मोकळं डगमगू दिलं म्हणून डबा स्थिर राहतो. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

१८६९ मध्ये रँकिन या नामांकित स्कॉटिश अभियंत्याने गणित मांडून सांगितलं होतं, की फिरणारा दांडा या अनुनादाच्या वेगापलीकडे नेताच येणार नाही. मग सगळे दांडे जाड आणि ताठ करत बसले. गुस्ताफ द लाव्हाल हा स्वीडिश गृहस्थ (दुधातून साय वेगळी करणारं यंत्रही त्याचंच) १८८० च्या दशकात वाफेचं टर्बाइन करत होता. त्याचं चाक मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत पळवायचं होतं. त्याने उलटी चाल केली. दांडा मुद्दाम बारीक आणि लवचीक ठेवला, अनुनादाचा वेग खाली आणला आणि तो चटकन ओलांडला. पलीकडे सगळं शांत. हे असं का होतं याची नीट मांडणी जेफकॉटने १९१९ मध्ये केली. आपल्या बाथरूममध्ये रोज सकाळी हाच इतिहास घडतो आणि आपण तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो.

आणखी एक गंमत सांगतो. कंटाळा आला असेल तर पुढचा परिच्छेद सोडा, रागावणार नाही.

टॉप लोड मशीनच्या पिंपाच्या तोंडाशी प्लास्टिकचं जाड कडं असतं. ते सुटं करून हलवलं तर आत डुबुक वाजतं. त्यात मिठाचं पाणी असतं. मीठ अशासाठी, की तेवढ्याच जागेत पाण्याचं वजन जास्त भरावं. कल्पना जुनी आहे, मोरिस लेब्लां या फ्रेंच अभियंत्याची. अनुनादापलीकडे पिंप वस्तुमान-केंद्राभोवती फिरतं आणि ते केंद्र जड बाजूकडे किंचित सरकलेलं असतं. म्हणजे फिरण्याच्या अक्षापासून कड्याची जड बाजू जवळ आणि हलकी बाजू दूर. फिरणारं पाणी अक्षापासून जास्तीत जास्त दूर पळतं, म्हणजे आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतं. कुणी न सांगता तराजूचं हलकं पारडं भरलं जातं! पण अनुनादाच्या अलीकडे हेच पाणी जड बाजूला जातं आणि दंगा वाढवतं. म्हणून कड्यात आडपडदे घालतात, आणि म्हणूनच यंत्र तो टप्पा रेंगाळत नाही, झपकन ओलांडतं. कड्याला चीर जाऊन पाणी गळालं की मशीन एके दिवशी अचानक धडधडू लागतं, आणि मेकॅनिक बिचारा टब टांगणारे सस्पेन्शन रॉड बदलत बसतो.

इथे आपली सोलापुरी चादर आडवी येते. जाड सुती विणीची ती एकटी चादर भिजली की एकच मोठा गोळा होतो. कपडे दहा असतील तर ते पिंपभर पसरून तोल साधतात. चादर एकटी कुठे पसरणार? यंत्र पिळायला जातं, तोल बिघडलेला बघून थांबतं, पुन्हा पाणी घेतं, उलटसुलट करतं, आणि पडद्यावर ‘९ मिनिटं’ अर्धा तास तशीच राहतात. यंत्र बिघडलेलं नसतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका. भौगोलिक मानांकन चादरीलाही आहे आणि टॉवेलालाही, दोघांना एकत्र फिरवायला हरकत नाही.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न: सेमी, टॉप लोड की फ्रंट लोड? टब कसा टांगलाय ते बघितलं की निम्मं उत्तर मिळतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पिळायचं पिंप वेगळं आणि लहान, साधारण १२ सेंटीमीटर त्रिज्येचं. त्याची साधी मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला १३००-१४०० फेरे घेते. पुरा टॉप लोड मोठं पिंप घेऊन सातशेच्या आसपास फिरतो. हिशेब केला तर सेमीत गुरुत्वाच्या सुमारे २४५ पट आणि टॉप लोडमध्ये १३५ पट जोर मिळतो. ‘जुन्या सेमीतले कपडे जास्त कोरडे निघायचे’ असं आई म्हणते ते खोटं नाही. फ्रंट लोड दोघांच्या पुढे, पण त्याबदल्यात त्याचं बेअरिंग सगळा भार एका बाजूने पेलतं, आणि त्या बेअरिंगच्या पुढ्यातच साबणाचं पाणी असतं. मधे फक्त एक रबरी सील. सील झिजलं की पाणी आत, गंज, आणि मग विमान उडाल्यासारखा आवाज.

आवाजावरून रोग ओळखता येतो. पिळायच्या सुरुवातीची ती धडधड नेहमीपेक्षा जास्त आणि मग शांत, तर डॅम्पर किंवा रॉड ढिले. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंग. पाणी सोडताना कडकड असेल तर पंपात अडकलेलं नाणं किंवा हूक. मोटर नुसती हुं-हुं करते आणि फिरत नाही, असं सेमीत झालं तर बहुतेक कपॅसिटर, जो गल्लीतला मेकॅनिक चहा थंड व्हायच्या आत बदलतो. जाहिरातीतल्या डेसिबलच्या आकड्याकडे बघताना एवढं ध्यानात ठेवा: ७२ आणि ७५ यांत फरक तीनचा दिसतो, पण ध्वनीची शक्ती दुप्पट झालेली असते.

दुरुस्तीत सेमीला तोड नाही. टायमर, ब्रेकची वायर, सील, बेल्ट, सगळं सुटं आणि उघडं. ब्रेकडाउन जास्त होतात, पण चिल्लर असतात. फ्रंट लोडचं उलट: वर्षानुवर्षं काही होत नाही आणि होतं तेव्हा मोठं होतं. बऱ्याच मॉडेलांत बाहेरचा टब दोन अर्ध्यांतून वितळवून सांधलेला असतो. बेअरिंग बदलायचं तर टब कापायला हवा. कंपनीचा माणूस अख्खा टब बदलायला सांगतो. माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक, पूर्वी मागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा) होता, टब करवतीने कापतो, बेअरिंग ठोकतो, पुन्हा बोल्ट आणि सीलंट लावून जोडतो. “ओ मालक, माग उघडायला भ्यायलो नाही, हे तर डबडं हाय,” असं म्हणतो. सर्किटच्या बोर्डाचंही तेच. ओल आणि झुरळांपासून वाचावं म्हणून त्यावर राळ ओततात. त्यामुळे बोर्ड टिकतो, पण बिघडला तर त्यातला एक साधा भाग बदलणंही मुश्कील. टिकाऊपणा आणि दुरुस्ती यांचं असं सवतीचं नातं आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, पण ते बघून सांधलेला टब उघडत नाही.

‘मोटरवर १० वर्षांची वॉरंटी’ ही जाहिरातही नीट वाचा. ब्रश नसलेली इन्व्हर्टर मोटर सहसा जातच नाही. जातं ते बेअरिंग, पंप, बोर्ड. वॉरंटी नेमकी न जाणाऱ्या वस्तूवर आहे.

राहिलं पाणी. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, म्हणून टाकी आणि बोअर. बोअरच्या जड पाण्यातला चुना हीटरवर बसतो आणि साबण फाटतो. पाइपला बांधायची चुंबकं घेऊन दारोदार फिरणारे येतात. चुंबक लावल्याने पाण्यातलं कॅल्शियम पाण्यातून कुठे जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पिंप रिकामं ठेवून किराणा दुकानातलं लिंबूसत्व टाकून गरम पाण्याची एक फेरी फिरवा, ब्लीच मात्र त्यात मिसळू नका. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी नळाच्या किती वर आहे ते मोजा. एक मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो आणि पुष्कळ यंत्रं किमान ०.३ बार मागतात. टाकी जवळ म्हणून दाब जास्त, हा गैरसमज आहे. तळमजल्यावाल्याची मजा असते.

काकूंचे चारही बोल्ट मी पिशवीत बांधून कपाटात ठेवायला सांगितलेत, घर बदलताना लागतील. मशीन अजून बाल्कनीतच आहे. मी परत आत घेऊ या म्हटलं तर काकू तयार नाहीत.

“राहू दे तिथंच. वायव्येला नेलं म्हणूनच तुझं लक्ष गेलं ना मागच्या बोल्टांकडे?”