हवेत काय बोलायचे नाही: हौशी रेडिओच्या शिस्तीमागची शंभर वर्षे

भारतात हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या बिनतारी संचावरून हौसेने इतरांशी बोलण्याचा, ‘हॅम’चा परवाना घेणाऱ्याला सर्किट आणि अँटेनाच्या अभ्यासाबरोबर आणखी एक यादी लक्षात ठेवावी लागते: हवेत काय बोलायचे नाही याची. १९७८ च्या नियमांप्रमाणे गाणी लावायची नाहीत, जाहिरात करायची नाही, धंद्याचे बोलायचे नाही, राजकीय किंवा औद्योगिक वादाच्या विषयांवर मत मांडायचे नाही. अश्लील काही नको, कोणाला झोंबेल असे नको, आणि दोन समाजांत गैरसमज वाढेल असे तर मुळीच नको. नव्याने आलेल्याला हे सगळे सरकारी सोवळे वाटते. निम्मे आहेही तसे. उरलेले निम्मे मात्र हौशींनी आपसांत यथेच्छ भांडून घडवलेले आहे. त्याचे मूळ सभ्यतेत कमी आणि हवेतल्या फ्रिक्वेन्सींच्या जागेच्या टंचाईत जास्त आहे.

१९०५ च्या सुमारास अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅकच्या कंपनीने घरगुती बिनतारी संच विकायला काढला. इंडक्शन कॉइल, ठिणगी उडायची फट, धातूचा कीस भरलेली काचेची नळी, बस्स. शाळकरी पोरेही असले संच घरी बनवू लागली. अडचण अशी की ठिणगीच्या ट्रान्समीटरला नेमकी फ्रिक्वेन्सी अशी नसतेच. आजचा हॅम अरुंद पट्टीत बोलतो; ठिणगी सगळीकडे पसरायची. गल्लीतल्या एका पोराने कळ दाबली की आसपासच्या सगळ्यांच्या कानात खरखर, मग पलीकडे दुसरा पोरगा बोलत असो की बंदरात शिरणारे जहाज. ‘जरा थांब, आम्हाला संदेश घेऊ दे’ असे नौदलाच्या ऑपरेटरने सांगितले तरी ऐकायला कायद्याने कोणी बांधलेले नव्हते. काही पोरे तर अधिकाऱ्यांच्या नावाने जहाजांना खोटे हुकूम पाठवत. नौदलाच्या तक्रारींचा ढीग साचत गेला.

मग एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. ‘सर्व प्रवासी सुखरूप, जहाज हॅलिफॅक्सकडे ओढून नेत आहेत’ अशी बातमी वर्तमानपत्रांनी छापली आणि ती साफ खोटी निघाली. दोन वेगवेगळे संदेश एकमेकांत मिसळून ती अफवा तयार झाली असावी. दोष नक्की कोणाचा हे सिद्ध झाले नाही, पण ठपका हौशींवर बसला. मोठ्या कंपन्यांपेक्षा पोरांवर तो बसवणे सोपे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने रेडिओ कायदा केला. परवाना सक्तीचा झाला, शक्ती १ किलोवॉटपर्यंत मर्यादित झाली, आणि हौशींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर हाकलले. तेव्हाच्या तज्ज्ञांच्या मते त्या लहरी कुचकामी होत्या. रद्दी म्हणून दिलेल्या त्या लघुलहरी पुढे जगाच्या पाठीवर कुठेही पोहोचतात असे निघाले, आणि ते हौशींनीच दाखवून दिले. १९२३ च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशींनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दोन्ही बाजूंनी संवाद साधला. पण तो वेगळा विषय.

शिस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९१४. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा हायरम पर्सी मॅक्सिम हा इंजिनिअर. बापाने मशीनगन शोधली, मुलाने बंदुकीचा सायलेन्सर. आवाज बंद करण्याची हौस घराण्यातच म्हणायची. त्याला जेमतेम तीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला संदेश पाठवायचा होता आणि त्याचा संच तिथवर पोहोचत नव्हता. मधल्या गावातल्या एका हौशीने तो संदेश घेऊन पुढे दिला. त्यातूनच अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. रिलेमध्ये मधला माणूस भरवशाचा असावा लागतो. त्याने ऐकले पाहिजे, जसेच्या तसे पुढे दिले पाहिजे, आणि ते चालू असताना इतरांनी तोंड मिटून बसले पाहिजे. शिस्त नसेल तर खेळच बंद, हे हौशींना पहिल्यांदा इथे कळले. तोवर नियम फक्त वरून येत होते.

लीगचे ‘क्यूएसटी’ हे मासिक १९१५ च्या डिसेंबरात निघाले. त्यात ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने एक म्हातारा खेकसून लिहू लागला. हवेतला गोंधळ, दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणारे, तासन्तास तोच संदेश पाठवणारे, कळ कशी दाबायची ते न शिकता दाबत सुटणारे, एकेकाची त्याने भर चौकात काढली. लिहिता लिहिता त्याने एका हत्याराचा उल्लेख केला: वूफ हाँग. कायदा मोडणाऱ्या हौशीवर चालवायचे. ते असते कसे आणि चालवतात कसे, हे काही त्याने सांगितले नाही. मध्ये पहिले महायुद्ध आले, १९१७ मध्ये सगळ्या हौशींची तोंडे बंद झाली, आणि १९१९ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा म्हाताऱ्याने ते हत्यार खरोखरच लीगकडे पाठवून दिले. तारेने बांधलेली दोन वेडीवाकडी लाकडे. १९२१ मध्ये त्याच्या जोडीला ‘रेटीस्निच’ आले, हे असभ्य बोलणाऱ्यांसाठी. वूफ हाँग आजही लीगच्या न्यूइंग्टन इथल्या मुख्यालयात ठेवलेले आहे. टोपणनावामागचा माणूस मात्र १९३६ मध्ये वारल्यानंतरच उघड झाला: लीगचा अध्यक्ष मॅक्सिम स्वतः.

मला यात त्याची हुशारी दिसते. अध्यक्षाने अध्यक्ष म्हणून हजार सूचना काढल्या असत्या तर निम्मे लोक उलटले असते. एका चिडखोर म्हाताऱ्याने शिव्या घातल्या तर सगळे हसतात, आणि ज्याला लागायचे त्याला बरोबर लागते. शिवाय त्याने माणसाचे नाव घेतले नाही, खोडीचे घेतले.

१९२० नंतर घरोघरी रेडिओ आले आणि भांडणाचे स्वरूप पालटले. आता तक्रारदार शेजारी होता. संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम लागावा आणि बरोबर तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या पोराच्या मोर्सने (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीने) त्यात टकटक सुरू व्हावी. यावर तोडगा निघाला ‘शांत तासां’चा: रात्री ८ ते १०:३० आणि रविवारी सकाळी चर्चच्या प्रार्थनेच्या वेळी हौशींनी प्रक्षेपण करायचे नाही. बऱ्याच गावांत हौशींनी हे आधी आपणहून पाळले, सरकारी नियम मागून आला. १९२८ मध्ये पॉल सीगल या वकील हौशीने सहा कलमांची आचारसंहिता लिहिली. तिचे पहिले कलम असे की आपल्या करमणुकीपायी दुसऱ्याचा आनंद जाणूनबुजून कमी करायचा नाही. शेवटाकडच्या एका कलमात रेडिओपायी घर, नोकरी, शाळा यांकडे दुर्लक्ष करू नये असेही आहे. ते कलम बहुधा हौशींच्या बायकांनी सुचवले असावे, असा माझा आपला अंदाज.

विषय सोडून बोलू नये, हा दंडक मात्र सभ्यतेतून आलेला नाही. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशींच्या सरकारांनी हौशींना फ्रिक्वेन्सींचे स्वतंत्र पट्टे दिले आणि त्याबरोबर एक अट घातली. दोन देशांतल्या हौशींनी उघड भाषेत, प्रयोगांविषयीच बोलावे. खासगी बोलायचेच तर इतके किरकोळ बोलावे की त्यासाठी तार करणे परवडू नये. मतलब स्पष्ट आहे. तारखाते बहुतेक देशांत सरकारचे, आणि एका शब्दाचा दर ठरलेला. हौशी फुकटात निरोप पोहोचवू लागले तर गल्ला बुडाला असता. म्हणून हवामान, अँटेना, ‘तुमचा सिग्नल छान येतोय’ एवढ्यावर भागवायचे. बक्कळ गप्पा माराव्यात, पण त्यांची किंमत शून्य असावी! हे ‘किरकोळपणा’चे कलम २००३ च्या जागतिक परिषदेपर्यंत टिकले. तोवर ते हौशींच्या इतके अंगवळणी पडले होते की तारखात्याचा धंदा राखण्यासाठी केलेला नियम हा आपला संस्कारच आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या मानत आल्या. गंमत म्हणजे त्याचा फायदाही झाला. शीतयुद्धातही सोव्हिएत आणि अमेरिकी हौशी एकमेकांशी बोलू शकले, कारण राजकारण काढायचेच नाही हे ठरलेले होते.

भारतातल्या यादीला आणखी एक पदर आहे. इथले पहिले हौशी १९२१ मध्ये कोलकात्यात परवाना घेऊन बसले. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने परवाने रद्द केले. मुंबईच्या नरिमन प्रिंटर या हौशीचे तंत्रज्ञान पुढे कुठे कामी आले हे सर्वश्रुत आहे: १९४२ च्या ऑगस्टअखेर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केलेला गुप्त काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटर ही त्याची लहर. हिशेब केला तर ती ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे हॅम ज्याला आज ‘चाळीस मीटर’ म्हणतात त्या पट्ट्यातच. मुंबईत जागा बदलत बदलत हा रेडिओ चालला, १२ नोव्हेंबरला पकडला गेला, आणि प्रिंटर माफीचा साक्षीदार झाला. हौशी माणूस हवेतून काय करू शकतो हे राज्यकर्त्यांनी तेव्हा पाहिले. स्वातंत्र्यानंतरच्या नियमांतही ‘राजद्रोही’ मजकुराची बंदी राहिली. गोरे गेले तरी फायली राहिल्या.

बाहेरचे विषय बंद केले म्हणून भांडणे थांबली असे नाही. ती घरात आली. पन्नाशीच्या दशकात एएम आणि सिंगल साइडबँड या आवाज पाठवण्याच्या दोन पद्धतींच्या तटांत जुंपली. एएमच्या दोन वाहक लहरी जवळ आल्या की कानात कर्कश शिट्टी वाजते, आणि साइडबँडचा माणूस एएमच्या रिसीव्हरवर बदकासारखा बोलतो. दोघांनाही दुसरा म्हणजे हवेतली घाण वाटे. साइडबँडला निम्मीच जागा लागते, तेव्हा निकाल काय लागणार हे उघड होते. तरी तो लागायला जवळपास वीस वर्षे गेली. पुढे साठीच्या दशकात अमेरिकेत वरच्या परवान्यांना राखीव पट्टे द्यायचे ठरले तेव्हा लीगवर सभासद तुटून पडले. मग मोर्सची परीक्षा हवी की नको यावर काही दशके हमरीतुमरी चालली. अमेरिकेने ती २००७ मध्ये काढली. ज्यांनी कष्टाने मोर्स शिकले होते ते अजून धुमसतात.

या सगळ्यातून एक पद टिकून राहिले: नेट कंट्रोल, म्हणजे हवेत भरणाऱ्या हौशींच्या बैठकीचा सूत्रधार. सकाळी चाळीस मीटरवर कान लावला तर काम दिसते. एक स्टेशन एकेकाला हाक मारते, कॉल साइन (परवान्यावरचे ओळखचिन्ह) लिहून घेते, प्रत्येकाला पाळी देते. मध्येच कोणी निवडणुकीवर घसरला तर कंट्रोल त्याच्याशी वाद घालत नाही. ‘ओएम, सिग्नल पाच-नऊ आहे, आता पुढचं स्टेशन घेऊ या,’ एवढेच. (ओएम म्हणजे ‘ओल्ड मॅन’, हौशींची आपसांतली हाक; पाच-नऊ म्हणजे स्पष्ट आणि जोरदार.) माणूस ओशाळतो आणि पाळी पुढे सरकते. पण नेट कंट्रोलच्या हाती बटण नसते. कोणी ऐकायचेच नाही असे ठरवले तर तो काही करू शकत नाही. हवा कोणाच्या बापाची नाही. हे चित्र सत्तरीच्या दशकात रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल उचलून पुन्हा दूरवर फेकणारे संच, वाढले तेव्हा बदलले. डोंगरावर बसवलेला रिपीटर कोणीतरी पैसे घालून उभा केलेला असतो आणि तो बंद करायचा स्विचही त्याच्याकडे असतो. हौशींच्या जगात पहिल्यांदाच एखाद्याला दुसऱ्याचा आवाज खरोखर तोडता येऊ लागला. तेव्हापासून ‘मालकाने माझ्यावरच राग काढला’ ही तक्रारही सुरू झाली, आणि ती नेहमीच खोटी नसते.

शिक्षा करणाऱ्यांचा उपद्रव मात्र खुल्या हवेतच जास्त पाहायला मिळतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानहून हॅम स्टेशन चालू झाले. कित्येक वर्षांनी तिथून आवाज येत होता, म्हणून जगभरचे हौशी तुटून पडले. अशा वेळी दुर्मीळ स्टेशन एका फ्रिक्वेन्सीवर बोलते आणि थोड्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकते, म्हणजे त्याचा आवाज कोणाखाली दबत नाही. कोणी तरी ते न कळून त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर हाक मारतो. चूक दोन सेकंदांची. लगेच वीस जण ‘वर, वर, वर’ म्हणून ओरडू लागतात, त्यांना गप्प करायला आणखी दहा जण येतात, आणि पाच मिनिटे स्टेशन ऐकूच येत नाही. हौशी अशांना ‘पोलीस’ म्हणतात. (अंदमानच्या स्टेशनचे पुढे काय झाले ते माहीत आहेच: २६ तारखेच्या त्सुनामीनंतर तिथून मदतीचे संदेश जाऊ लागले.)

२००८ मध्ये दोन बेल्जियन हौशींनी लिहिलेली आणि हौशींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेली आचारपुस्तिका म्हणूनच पोलिसांनाही झोडपते. धर्म, राजकारण, धंदा, कोणत्याही गटाची निंदा आणि संडासातले विनोद एवढे विषय ती सरळ बाद करते, पण चूक करणाऱ्याला हवेतच सुधारायला जाऊ नका, हेही तितक्याच ठासून सांगते.

लीगने यावर फार पूर्वी, १९२० च्या दशकातच, आपला मार्ग शोधला होता. ‘ऑफिशियल ऑब्झर्व्हर’ नावाचे स्वयंसेवक नुसते ऐकत. कोणाचा सिग्नल पट्ट्याबाहेर गेला, कोणी गैर बोलले, तर हवेत एक शब्द न काढता त्याच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकत. दंड नाही, चारचौघांत बोभाटा नाही. बरेचदा त्या माणसाला आपला ट्रान्समीटर बिघडलाय हेच ठाऊक नसे. २०२० च्या सुमारास त्या जागी अमेरिकी सरकारच्या करारातली ‘व्हॉलंटिअर मॉनिटर’ योजना आली, आणि तिच्यातून नीट काम करणाऱ्या हौशींनाही अधूनमधून शाबासकीचे पत्र जाते.