चिठ्ठीवर अंगणवाडीचंही नाव हवं

समजा, सोलापूरच्या सिव्हिलमध्ये विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक आई वीस महिन्यांचं लेकरू घेऊन आली आहे. खोकला काही केल्या हटत नाही. निवासी डॉक्टर पट्टीने दंडाचा घेर मोजतात: 11.9 सेंटिमीटर. 11.5 च्या खाली भरलं असतं तर तीव्र कुपोषण; हे मध्यम. औषध लिहून झालं की शेवटी सांगितलं जातं, ‘बाळाला पौष्टिक खाऊ घाला.’ इकडे आईचा विड्यांचा रोज बुडालेला.

एवढ्याने बाळाचं वजन वाढत नाही. 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायला आहार मिळतो. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास योजना 1975 पासून सुरू आहे. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. पण बाळाचं नाव अंगणवाडीत लागलंय का, आईकडे ओळखपत्र आहे का, हे डॉक्टरने विचारायचं असतं, असं त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. घरात विड्या वळल्या जातात का, हेही विचारायला हवं. तंबाखूची धूळ लहान मुलांच्या श्वासात जाते आणि खोकल्याचं मूळ तिथेही असू शकतं.

असं विचारल्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत बोस्टनच्या आठ आरोग्य केंद्रांत हे तपासलं गेलं. काही केंद्रांत तान्ह्या बाळांच्या आयांना एक छोटा फॉर्म दिला: अन्न, घर, नोकरी, पाळणाघर यांची अडचण आहे का, आणि मदत हवी आहे का? अडचण असेल तिथे डॉक्टर त्या मदतीची माहिती असलेला एक कागद हातात देत. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरात या केंद्रांतल्या 39 टक्के आयांनी नवीन मदत मिळवली होती, इतर केंद्रांत 24 टक्के.  वेगळे होते ते प्रश्न आणि कागद.

मला यातला ‘मदत हवी आहे का’ हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. रांगेतल्या दहा जणांसमोर ‘घरात खायला कमी पडतं का?’ असं विचारलं तर कोणतीही आई ‘नाही’ म्हणेल. तेच बाजूला घेऊन, ‘आम्ही सगळ्यांनाच विचारतो’ म्हणत, जमलं तर तिच्या भाषेत, तेलुगू किंवा कन्नडमध्ये विचारलं, तर ती बोलते. हे कौशल्य सरावाने येतं, सलाईन लावण्यासारखंच.

सरावाची जागाही आता आहे. 2022 पासून एमबीबीएसचे विद्यार्थी कुटुंबं दत्तक घेतात, म्हणजे त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवतात, आणि पदव्युत्तर डॉक्टरांना तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करावं लागतं. त्यातली एक सकाळ अंगणवाडी सेविकेबरोबर, एक आशाताईंबरोबर घालवली, तर कुठे कोणाला पाठवायचं हे तोंडपाठ होईल. पुढच्या भेटीत मात्र ‘नाव लागलं का?’ हे विचारलंच पाहिजे, आणि नसेल लागलं तर तिथल्या तिथे सेविकेला फोन करायला हवा.